पेपरची नांगी

आमच्या डिपार्टमेंटमध्ये पेपर लिहायचा म्हटलं की कामाची वाटणी ठरलेली, केसपेपर चाळून डेटा रेसिडेंटने काढायचा, स्टॅटिस्टिक्स पीएसएमवाल्यांना, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या डिपार्टमेंटला, गाठून करून घ्यायचं, डिस्कशन सर लिहिणार, आणि रेफरन्सेस काय, "कोणीतरी बघून टाका". हे कोणीतरी म्हणजे गेली काही वर्षं मीच. त्यामुळे विंचूदंशाच्या पेपरची वर्ड फाइल सरांनी व्हॉट्सॲपवर टाकली आणि खाली लिहिलं, "फक्त रेफरन्सेस जर्नलच्या फॉरमॅटमध्ये बसव, बाकी सगळं झालंय", तेव्हाच कळलं की पुढचे शनिवार-रविवार गेले.

पेपरचा विषय साधा होता. आमच्याकडे लाल विंचवाचे पेशंट येतच असतात, घामाने निथळणारे, हातपाय गार पडलेले, बीपी चढलेलं, आणि यायला उशीर झाला असेल तर फुप्फुसात पाणी. आयसीयूतले काही वर्षांचे रेकॉर्ड काढून प्राझोसिन हे त्यावरचं औषध किती वेळात मिळालं आणि पुढे काय झालं एवढंच बघितलेलं. आता या विषयावर लिहायला बसलं की महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना ओलांडून कोणाला पुढे जाताच येत नाही. १९८२ चा त्यांचा लॅन्सेट या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला पेपर, मग १९८६ चा प्राझोसिनवरचा, तोही लॅन्सेटमध्येच, मग २०११ ची बीएमजेमधली, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधली ट्रायल. महाडसारख्या ठिकाणी प्रॅक्टिस करता करता केलेलं काम आहे हे सगळं, आमच्यासारखे मेडिकल कॉलेजात बसून "वेळ मिळत नाही" म्हणणारे ते वाचून जरा गप्पच होतात.

तर फाइल उघडली. चाळीसच्या आसपास रेफरन्सेस, सगळे हाताने टाइप केलेले, आणि एकाचा थाट दुसऱ्यासारखा नाही. कुठे लेखकाचं पूर्ण नाव, कुठे नुसती आद्याक्षरं आणि त्यात टिंबं, कुठे जर्नलचं नाव पूर्ण तर कुठे कोणीतरी मनाने केलेलं लघुरूप, एका ठिकाणी नुसती एक लांबलचक लिंक, आणि एका ठिकाणी लेखक म्हणून "हॅरिसन टीआर". आता टिन्सली हॅरिसन १९७८ मध्येच गेले, त्यांच्या नावाचं मेडिसिनचं पुस्तक पुढे नव्या नव्या एडिटरांनी चालू ठेवलं, तेव्हा अलीकडच्या आवृत्तीतला विंचवा-सापाचा चॅप्टर त्यांनी लिहिला असणं शक्यच नाही. पुस्तकातला चॅप्टर वापरला असेल तर आधी त्या चॅप्टरच्या लेखकाचं नाव, चॅप्टरचं शीर्षक, मग "इन" लिहून एडिटर, पुस्तक, आवृत्ती, गाव, प्रकाशक, वर्ष आणि पानं. हे आमच्याकडे थिसिसपासून कोणी करत नाही, सरळ "हॅरिसन" लिहून मोकळे होतात.

पहिलं काम केलं ते जर्नलच्या साइटवरून लेखकांसाठीच्या सूचना डाउनलोड करून छापून घेतल्या. स्क्रीनवर वाचलं की डोळे पुढे पळतात, कागदावर पेनाने रेघा मारता येतात. त्यात लिहिलेलं असतं "व्हँकूव्हर पद्धत", म्हणजे मजकुरात नंबर आणि शेवटी त्याच क्रमाने यादी, आणि लोकांना वाटतं झालं, माहितीये आपल्याला. मुळात १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला काही मेडिकल जर्नलांचे एडिटर जमले, प्रत्येक जर्नलसाठी लेखकाला पेपर वेगळ्या पद्धतीने टाइप करायला लागू नये म्हणून, आणि १९७९ मध्ये त्यांनी एकसारख्या नियमांचा पहिला मसुदा छापला. तेव्हा टाइपरायटर होते, एक रेफरन्स वाढला की अख्खं पान पुन्हा बडवायचं. त्या मंडळींची पुढे आयसीएमजेई, म्हणजे मेडिकल जर्नलांच्या एडिटरांची आंतरराष्ट्रीय कमिटी झाली. हेतू एकसारखेपणाचा होता, आणि आज बघायला गेलं तर व्हँकूव्हरच्याच इतक्या पोटजाती झाल्यात की विचारू नका. नंबर कंसात की वर चढवलेला, फुलस्टॉपच्या आधी की नंतर, लेखक सहा लिहून मग एट अल (म्हणजे "आणि इतर") की तीन लिहून, अंकाचा नंबर द्यायचा की नाही, महिना ठेवायचा की काढायचा, पानं २८३-७ की २८३-२८७. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या (एनएलएम) नमुन्यात सहा लेखक आणि मग एट अल, तर एएमए, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत सहापेक्षा जास्त झाले की पहिले तीनच. आमच्या जर्नलला हवे होते सहा, नंबर वर चढवलेला, फुलस्टॉपच्या नंतर, कंस नाही, आणि ओरिजिनल आर्टिकलला जास्तीत जास्त तीस रेफरन्सेस. म्हणजे आधी कात्री लावणं आलं.

हाताने नीटनेटकं करत बसण्यात अर्थ नव्हता, कारण सर शेवटच्या दिवसापर्यंत परिच्छेद हलवतात. झोटेरो हे रेफरन्सेस सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, पीडीएफ साठवायला ३०० एमबी पण देतात आणि आमच्यासारख्यांना तेवढं पुरतं. मेंडेली आणि एंडनोटवाले पण आहेत आमच्यात, ज्याला जे जमेल ते वापरा, माझा कशालाच विरोध नाही, विरोध फक्त एक्सेल शीटमध्ये रेफरन्सेस ठेवणाऱ्यांना. झोटेरोत वर जादूच्या कांडीचं बटण आहे, तिथे पेपरचा पीएमआयडी (पबमेड या मेडिकल पेपरांच्या ऑनलाइन सूचीतला नंबर) किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन नंबर) टाकला की सगळी माहिती आपोआप येते, पुस्तक असेल तर आयएसबीएन. अट एवढीच की तो नंबर आपल्याकडे पाहिजे, आणि सरांच्या यादीत नंबर कशालाच नव्हता.

मग एकेक शोधणं. पबमेडमध्ये सिंगल सायटेशन मॅचर नावाची एक साधी खिडकी आहे, जर्नल, वर्ष, व्हॉल्यूम आणि पहिलं पान टाकलं की नेमका तो पेपर समोर येतो, शीर्षक अर्धवट असलं तरी चालतं. ही सोय कितीतरी पीजींना माहितीच नाही, ते बिचारे शीर्षक गुगलमध्ये टाकून पहिली दिसेल ती लिंक उचलतात. ज्यांचे दहाबाराच रेफरन्सेस आहेत, केस रिपोर्ट वगैरे, त्यांनी तर झोटेरोच्या भानगडीतही नाही पडलं तरी चालेल, पबमेडमध्ये प्रत्येक पेपरच्या बाजूला साइट म्हणून बटण असतं, एनएलएम नमुना निवडायचा, कॉपी करायचा आणि जर्नलला नको असलेल्या गोष्टी पुसायच्या.

जर्नलच्या लघुरूपांवर थोडं थांबते कारण तिथे सगळ्यात जास्त मनमानी चालते. लघुरूप आपण करायचं नसतं, ते एनएलएमच्या कॅटलॉगमध्ये ठरलेलं असतं, जाऊन बघायचं. आपलं जापी, म्हणजे जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया, तोंडी सगळे जापीच म्हणतात पण यादीत लिहायचं "जे असोक फिजिशियन्स इंडिया". एका शब्दाचं नाव असेल तर कापायचं नाही, लॅन्सेट हे लॅन्सेटच, टॉक्सिकॉन हे टॉक्सिकॉनच. बीएमजेचा १९८० च्या दशकातला पेपर असेल तर तेव्हाचं लघुरूप वेगळं होतं, ब्र मेड जे आणि पुढे कंसात क्लिन रेस एड. आणि सगळ्यात मोठा सापळा बालरोगवाल्यांचा, इंडियन पीडियाट्रिक्स आणि इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स ही दोन वेगवेगळी जर्नलं आहेत, लघुरूपात फरक फक्त मधल्या एका "जे"चा. सरांच्या यादीत लहान मुलांमधल्या विंचूदंशावरचे पेपर दोन्हीकडचे होते आणि सगळ्यांना एकच नाव लावलेलं. तो "जे" इकडचा तिकडे झाला की वाचणारा भलत्याच जर्नलचा व्हॉल्यूम उघडून बसतो आणि त्या पानावर निघतो गोवरावरचा पेपर.

नावांचंही तसंच. बावस्कर एचएस आणि बावस्कर पीएच, पहिले हिंमतराव आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी, दोघांनी मिळून लिहिलेले पेपर आहेत. आमच्या फाइलमध्ये दोन-तीन ठिकाणी दुसरं नाव कोणीतरी रिपीट झालंय समजून उडवलेलं. आडनाव तेच दिसलं की दोनदा टाइप झालं असं वाटतं लोकांना. मी ती सगळी नावं परत लावली आणि रेसिडेंटला दाखवलीसुद्धा, की बघ रे, बाईंचं नाव असं जातं.

विंचवाच्या नावाचा आणखी एक घोळ. जुन्या पेपरांत ब्युथस टॅम्युलस, नंतरच्या पेपरांत मेसोब्युथस टॅम्युलस, आणि आता हॉटेन्टोटा टॅम्युलस, प्राणी तोच. आपल्या मजकुरात आजचं नाव वापरायचं पण रेफरन्सच्या शीर्षकात जे छापलंय तेच ठेवायचं, सुधारायला जायचं नाही. सरांना वाटत होतं सगळीकडे एकच नाव केलेलं बरं दिसेल. बरं दिसेल हो, पण मग तो पेपर शोधणाऱ्याला सापडणार नाही. आणि ही नावं तिरक्या अक्षरात लागतात, झोटेरोत त्यासाठी शीर्षकातच नावाच्या आधी आणि नंतर आय अक्षराचा छोटा टॅग टाकावा लागतो, एकदा टाकला की वर्डमध्ये आपोआप तिरकं येतं. शीर्षकातले सगळे शब्द कॅपिटलने सुरू होत असतील तर राइट क्लिक करून सेन्टेन्स केस करायचं, त्यानंतर माणसांची, गावांची आणि प्राण्यांची नावं हाताने परत कॅपिटल करायची, हे मशीनला कळत नाही.

इथपर्यंत सगळं कारकुनी काम होतं आणि चहाबरोबर होऊन जात होतं. खरी गंमत पुढे. झोटेरोतून वर्डमध्ये नंबर घालायचे म्हणजे मजकुरातला प्रत्येक जुना नंबर खोडून तिथे तो पेपर निवडायचा, त्यामुळे वाक्य वाचावंच लागतं. डिस्कशनमध्ये एक वाक्य होतं की प्राझोसिनबरोबर अँटिव्हेनम (विंचवाच्या विषावरचं प्रतिविष) दिलं तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा पेशंट लवकर सावरतो, आणि पुढे नंबर १९. यादीत १९ ला काय, तर १९८६ चा लॅन्सेटमधला प्राझोसिनचा पेपर. अहो, ही तुलना केलीये ती २०११ च्या ट्रायलमध्ये, महाडलाच, ७० पेशंट, दोन्हीकडे ३५-३५, आणि दहा तासांत पूर्ण बरे झालेले अँटिव्हेनमच्या गटात ३५ पैकी ३२ तर नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. तो पेपर यादीत होता की, २० नंबरला. मला वाटलं एवढंच एक चुकलं असेल. पुढचं वाक्य बघितलं, नंबर २२, यादीतला २२ वा पेपर मुलांमधल्या ईसीजीवर आणि वाक्य प्रौढांच्या इकोवर. इकोवाला पेपर २३ ला. मग मागे मागे गेले आणि १३ पर्यंत सगळं जागेवर, १४ पासून एकेक घर सरकलेलं. कोणीतरी कधीतरी यादीत १४ व्या जागी एक नवा पेपर घुसवला होता आणि मजकुरातले नंबर तसेच राहिले होते. म्हणजे अर्ध्याहून जास्त पेपर भलत्याच पुराव्यावर उभा, आणि तो तसाच चार सहलेखकांनी वाचून "व्हेरी गुड" म्हणून परत पाठवलेला!

तेव्हापासून मी म्हणते विंचवाचं जे काय असतं ते शेपटीकडे, पेपरचंही तसंच. आमच्याकडे रेफरन्सेसना शेवटचं पान म्हणून बघतात, मला ते अजिबात पटत नाही. टेबलं, ग्राफ सगळं सुंदर असतं आणि मागे नंबर एकाचा आणि वाक्य दुसऱ्याचं.

टेबलमध्येही एक बारीक नियम आहे जो मलाही आधी कोणी सांगितला नव्हता, छापलेल्या सूचनांमध्ये रेघ मारताना दिसला. जे पेपर फक्त टेबलमध्येच आलेत त्यांचा नंबर त्या टेबलचा उल्लेख मजकुरात पहिल्यांदा जिथे येतो त्या जागेप्रमाणे लागतो. टेबल कागदावर शेवटी असतं म्हणून त्याला शेवटचे नंबर द्यायचे नाहीत. आमचं तुलनेचं टेबल, आधीच्या भारतीय अभ्यासांचं, मजकुरात मधेच उल्लेखलेलं, त्यामुळे ते सगळे नंबर मधे गेले आणि पुढची सगळी रांग हलली. झोटेरोने हलवली म्हणून बरं, हाताने असती तर अजून एक घर सरकलं असतं.

मग उसन्या रेफरन्सेसकडे वळले. विंचूदंशावरच्या भारतातल्या पेपरांच्या इंट्रोडक्शनमध्ये एक वाक्य हमखास असतं की प्राझोसिन यायच्या आधी गंभीर पेशंटांमध्ये मृत्यू तीस टक्क्यांपर्यंत होते आणि नंतर एक टक्क्याच्या आसपास आले. आमच्यातही होतं. पुढचा नंबर एका रिव्ह्यूचा, म्हणजे इतरांच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या लेखाचा. रिव्ह्यू उघडला तर तिथे वाक्य तेच आणि नंबर दुसऱ्या रिव्ह्यूचा. असं उड्या मारत मारत खऱ्या पेशंटांची आकडेवारी असलेल्या पेपरपर्यंत गेले आणि तो यादीत घातला, मधले दोन काढले, मर्यादेतही बसायला मदत झाली. आयसीएमजेईचं स्पष्ट म्हणणं आहे की शक्य असेल तिथे मूळ काम दाखवा, रिव्ह्यू नको. रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, वाक्य तर बरोबरच आहे ना, मग नंबर कुठलाही असला तर काय फरक पडतो?"

त्याला मी १९८० च्या पत्राची गोष्ट सांगितली. न्यू इंग्लंड जर्नलमध्ये पोर्टर आणि जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं होतं, की हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असताना ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामक औषधं) दिलेल्या पेशंटांमध्ये व्यसन लागल्याचं अगदी क्वचित दिसलं. बस एवढंच. पुढे लोकांनी ते एकमेकांच्या यादीतून उचलत नेलं. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये मोजदाद आली, ६०८ वेळा ते पत्र वापरलं गेलं होतं, त्यातल्या ७२.२ टक्क्यांनी ते व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून वापरलं, आणि ८०.८ टक्क्यांनी हे सांगितलंच नाही की ते पेशंट हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलेले होते. अमेरिकेत त्या गोळ्यांच्या व्यसनाने पुढे काय केलं ते सगळ्यांना माहिती आहे. रेसिडेंट थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे आपल्याला सगळे पेपर उघडायचेत?" हो बाबा. नुसतं ॲबस्ट्रॅक्ट नाही, निदान आकडा आहे ते पान.

आणि मग त्यानेच हळूच सांगितलं की इंट्रोडक्शनमधले तीन रेफरन्सेस त्याने चॅटबॉटला विचारून घातलेत. एक खरा निघाला. दुसऱ्यात शीर्षक खरं आणि लेखक दुसऱ्याच पेपरचे. तिसरा मात्र बघण्यासारखा होता, लेखक भारतीय, आडनावं पटण्यासारखी, जर्नल खरं, वर्ष व्हॉल्यूम पानं सगळं जागच्या जागी, शीर्षक तर असं की आपल्याला हवं तेच वाक्य, आणि असा पेपर जगात कुठेच नाही. डीओआय टाकला तर गुडघ्याच्या ऑपरेशनवरचा लेख उघडला. व्हँकूव्हरमध्ये टिंब न् टिंब बरोबर होतं त्याचं, आमच्या हाताने टाइप केलेल्या खऱ्या रेफरन्सेसपेक्षा किती तरी देखणा. मी रागावले नाही, मुलं रात्रीच्या ड्यूटीनंतर लिहायला बसतात, पण नियम घातला, पबमेड किंवा क्रॉसरेफमध्ये (डीओआयची नोंद ठेवणारी साइट) उघडत नाही तो रेफरन्स यादीत येणार नाही.

तसं न वाचता उचलायला चॅटबॉट लागतो असंही नाही. एका मोठ्या प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या नमुना फाइलमध्ये फॉरमॅट दाखवायला म्हणून एक रेफरन्स दिलेला होता, व्हान डेर गीअर आणि मंडळी, "वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला" अशा अर्थाचं शीर्षक, साल २०००. तो पेपरच अस्तित्वात नाही, नुसता नमुना. अ‍ॅन-विल हार्झिंग या प्राध्यापक बाईंनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की तो जवळपास ४०० वेळा खराखुरा साइट झालाय, लोकांनी नमुन्यातली ओळ पुसलीच नाही. हे मी डिपार्टमेंटमध्ये सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त हसणाऱ्याने नंतर गुपचूप स्वतःची फाइल उघडून बघितली.

मागे घेतलेले पेपर, म्हणजे रिट्रॅक्ट झालेले, ही एक वेगळीच डोकेदुखी. झोटेरो २०१९ पासून रिट्रॅक्शन वॉचच्या यादीशी जोडलेलं आहे, लायब्ररीत असा पेपर असेल तर वर लाल पट्टी येते. विंचवाच्या पेपरमध्ये तसं काही निघालं नाही, पण त्याच लायब्ररीत आमच्या एका मॅडमचा कोविडमधला अर्धवट राहिलेला पेपर होता, त्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा तो लॅन्सेटमधला, २२ मे २०२० ला आलेला. ४ जूनला मागे घेतला गेला तो, सर्जिस्फिअर कंपनीचा मूळ डेटा कोणाला तपासायलाच मिळेना म्हणून. दोन आठवडेसुद्धा टिकला नाही पण तेवढ्यात जगभरच्या ड्राफ्टांमध्ये जाऊन बसला, आणि आमच्याही. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "अगं लॅन्सेट आहे म्हणून घातला गं." नाव मोठं असलं म्हणजे झालं असं नसतं ना.

थिसिस आणि वेबसाइट यांवर जास्त वेळ घालवला नाही. थिसिस असेल तर शीर्षकानंतर चौकटी कंसात डिझर्टेशन, मग नाशिक, मग महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, वर्ष. वेबसाइट असेल तर कधी बघितली ती तारीख आणि लिंक. लिंक उघडते का ते सबमिट करायच्या दिवशी पुन्हा बघायचं, सरकारी पीडीएफ जागा बदलत राहतात.

फाइल तयार झाली, सगळं जागेवर, आणि मी ती सरांना पाठवली. मला वाटलं होतं तेच झालं. सरांनी यादीत खालीच जाऊन दोन ठिकाणी हाताने टिंबं घातली आणि बीएमजेच्या रेफरन्ससमोर प्रश्नचिन्ह टाकलं, पान नंबर कुठाय? पान नाहीये सर, ऑनलाइन लेखाला पानाऐवजी लेखाचा नंबर असतो, सी७१३६, तोच लिहायचा. आणि यादीत हाताने केलेलं काही टिकत नाही, झोटेरो रिफ्रेश केलं की ते सगळं पुसून स्वतःचं लिहितं, बदल करायचा तर लायब्ररीत करायचा. दुसऱ्या सहलेखकाने तर फाइल फोनवरच्या कुठल्याशा ॲपमध्ये उघडून सेव्ह करून पाठवली, त्यात सगळे नंबर नुसते आकडे झाले, मागचा धागाच तुटला. नशीब माझ्याकडे मूळ कॉपी होती. तेव्हापासून सहलेखकांना पीडीएफ जाते, त्यांनी त्यावर काय ते लिहायचं, वर्ड फाइल एकाच माणसाच्या ताब्यात. यावरून थोडं वाईटपण आलं पण चालायचंच. पोर्टलवर चढवताना शेवटची एक वेगळी कॉपी करून त्यात अनलिंक सायटेशन्स दाबायचं म्हणजे साधा मजकूर राहतो, आणि चालू कॉपी जपून ठेवायची, कारण पेपर परत येणारच असतो.

आलाच. आधी टेक्निकल चेकमधून, वैद्यकशास्त्राबद्दल अवाक्षर नाही, फक्त रेफरन्सेस जर्नलच्या पद्धतीत नाहीत. शोधलं तर एवढंच की वर्षानंतर महिना आणि तारीख राहिली होती. झोटेरोच्या स्टाइलच्या यादीत दहा हजारांहून जास्त नमुने आहेत, व्हँकूव्हर म्हणून निवडलेला नमुना आणि या जर्नलची व्हँकूव्हर यात तेवढा फरक. स्टाइल बदलली, चढवला. मग एडिटरांनी नाकारला, आमच्या वाचकांना यात रस नाही म्हणून. दुसरं जर्नल एएमएवालं, जर्नलची नावं तिरक्या अक्षरात, तीन लेखकांनंतर एट अल. जुन्या दिवसांत हे ऐकूनच माणसाने पेपर ड्रॉवरमध्ये टाकला असता. डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्टाइल निवडली, ओके दाबलं आणि चहा यायच्या आत सगळी यादी कूस बदलून बसली. सर मागे उभे होते, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच्या लॅपटॉपवर झोटेरो टाकून द्यायला सांगितलं. आता बरीच जर्नलं पहिल्या वेळी कुठलीही एकसारखी पद्धत चालवून घेतात, स्वीकारल्यावर मग त्यांची मागतात, हे सगळ्यांनीच केलं तर किती लोकांचे रविवार वाचतील.

पेपर रिव्ह्यूतून गेला, एका रिव्ह्यूअरने जापीमधला २००६ चा अँटिव्हेनमवरचा पश्चिम महाराष्ट्रातला पेपर का नाही म्हणून विचारलं आणि ते बरोबरच होतं, घातला, नंबर आपोआप सरकले. मग प्रूफ आलं, ४८ तासांत परत द्या, आणि बाजूला प्रश्नांची माळ. बऱ्याच प्रश्नांचं उत्तर एकच, जुन्या भारतीय जर्नलांच्या बऱ्याच पेपरना डीओआय नसतो, पीएमआयडी लावा. एक प्रश्न मात्र विचारणाऱ्या कॉपी एडिटरला मनापासून दाद द्यावी असा होता. बावस्करांच्या १९८२ च्या पेपरला आम्ही व्हॉल्यूम १, पानं ५५२-४ लिहिलंय, पण लॅन्सेटच्या साइटवर व्हॉल्यूम ३१९ दिसतंय, कुठलं बरोबर? लॅन्सेट तेव्हा दर वर्षी दोनच व्हॉल्यूम धरायचं, वर्षाच्या पहिल्या सहामाहीचा १ आणि दुसऱ्या सहामाहीचा २, सलग नंबर नंतर मागून लावले गेले, त्या हिशोबात १९८२ चा पहिला ३१९ येतो, १९८६ चा पहिला ३२७. पबमेडमध्ये अजूनही १ आहे. मी लिहून पाठवलं की १ ठेवा, १९८६ च्या पेपरलाही तसंच. छापून १ आलं, खालची डीओआयची लिंक उघडली की ३१९ दिसतं, आणि पान दोन्हीकडे तेच, ५५२.